शिडीने सोडलेला गोल

चष्मेवाला दुकानात शिरला तो थेट बुटांसकट. छापलेला फ्लेक्स इथे वाळायला जमिनीवरच पसरून ठेवतात. त्यावर धुळीचे ठसे उठले की ते पुसता पुसता ताईच्या गुडघ्यांचे हाल होतात, म्हणून दारावर हातभर अक्षरांत लिहून लावलं होतं: चपला-बूट बाहेर. चष्मे विकण्यात जन्म गेलेल्या माणसाला ती अक्षरं दिसली नाहीत. कुणाच्या तरी लग्नाच्या बॅनरवर, नव्या नवरीच्या गालावर पाय देत तो टेबलापर्यंत आला आणि म्हणाला, "अर्जंट आहे. उद्याच्या सामन्याला लागणार."

ताई छपाईचं यंत्र चालवायची. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा म्हणून बाबा म्हणायला लागले, मग दुकानाचा मालक आणि हळूहळू गिऱ्हाईकंसुद्धा. चष्मेवाला नदीच्या अल्याडच्या फुटबॉल संघाच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष. त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला. दोन ओळींचा मजकूर होता.

आज हरायचंच!
जाऊ दे रे, शिडी!

ताईने वाचलं आणि मोबाईल परत केला.

"काका, शिडी म्हणजे माझा भाऊ."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो! घरचं काम घरात. त्याच्या नावाचा पहिला बॅनर लागतोय शहरात, आहेस कुठे!"

धाकट्याला शिडी हे नाव याच लोकांनी ठेवलं होतं. ताडमाड उंच, हात गुडघ्यांपर्यंत पोचणारे, आणि सगळा हंगाम मैदानाच्या कडेला टेकून ठेवलेला. तो अल्याडचा राखीव गोलकीपर होता. पहिल्या गोलकीपरचा खांदा परवा सरावात निखळला आणि हंगामाचा शेवटचा सामना, म्हणजे उद्याचा, धाकट्याच्या वाट्याला आला. त्याच्या आयुष्यातला पहिला. करार या महिन्याअखेर संपत होता आणि कोच म्हणाला होता, "या एका सामन्यात बघतो. खेळलास तर ठेवतो, नाहीतर राम राम."

आता कुणीही म्हणेल, अशा वेळी आपली माणसं पाठीशी उभी राहतील. तर नाही. अल्याडच्या संघाला उद्या जिंकून काही मिळायचं नव्हतं आणि हरून काही जायचं नव्हतं. त्रांगडं होतं ते पल्याडच्यांचं. नदीपलीकडचा तो संघ आपले सगळे सामने संपवून, पहिल्या नंबरावर बसून उद्याची वाट बघत होता. उद्या अल्याडशी खेळणार होते दुसऱ्या नंबरावरचे बंदरवाले. बंदरवाले जिंकले तर चषक त्यांचा. नुसती बरोबरी झाली तरी चषक पल्याडच्यांचा. म्हणजे अल्याडच्यांनी इमानाने खेळून सामना वाचवला, तर जन्माच्या वैऱ्याच्या हातात चषक स्वतःच्या हातांनी ठेवल्यासारखं होणार होतं. तेव्हा अल्याडच्या झाडून सगळ्या चाहत्यांनी ठरवून टाकलं होतं की उद्या आपण हरायचं.

"काका, त्याचं सगळं उद्यावर आहे," ताई म्हणाली.

"आणि आमचं नाही?" चष्मेवाला दुखावल्यासारखा बोलला. "पल्याडचे चषक नाचवत पुलावरून येतील, आपल्या दारावरून मिरवतील, ते बघवेल तुला? पोरगा तरुण आहे. त्याला पुढे पन्नास सामने मिळतील."

ताईने मालकाकडे बघितलं. मालकाला फुटबॉलचं सोयरसुतक नव्हतं. त्याने पाच गोल आणि पाच कॉर्नर यांत काय फरक असतो हे कधी विचारलंही नव्हतं. तो नखं कुरतडत म्हणाला, "गिऱ्हाईक आहे ताई. लाव."

तिने लावलं. यंत्राचं डोकं डावीकडून उजवीकडे सरकायला लागलं, शाईचा उग्र वास नाकात शिरला आणि पांढऱ्या फ्लेक्सवर एक एक पट्टी लाल होत गेली. मुद्दाम बिघडवावा असं तिच्या मनात आलं होतं, पण बिघडलेला बॅनर पुन्हा छापावा लागतो, एवढंच होतं. शेवटी कडा दुमडून, चिकटवून, कोपऱ्यांत रिंगा ठोकताना तिच्या लक्षात आलं की काम नेहमीसारखंच सुबक झालं होतं. अक्षरं कशी ठसठशीत, लांबून दिसतील अशी. तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

"वा! शेवटी घरचं माणूस ते घरचं माणूस," चष्मेवाला गुंडाळी काखेत मारत म्हणाला, आणि जाताना पुन्हा नवरीच्या गालावरून गेला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा चष्मेवाला तिच्याआधीच पोचलेला होता.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, त्यात बाबा, ताई आणि धाकटा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाहेरच्या खोलीत दिवाणावर चष्मेवाला आणि मंडळाचे दोघे खांद्याला खांदा लावून बसले होते, समोर खुर्चीत बाबा. बाबांनी चहा स्वतः केला होता. बाबांनी याआधी कधी कुणासाठी चहा केल्याचं ताईला आठवेना. आतल्या खोलीत धाकटा बादलीवर वाकून आपले हातमोजे धूत होता. ओल्या हातमोज्यांत चेंडू चांगला बसतो म्हणायचा. दार उघडंच होतं. बाहेरच्यांना तेच हवं होतं.

"आम्ही काही वाईट सांगत नाही," चष्मेवाला आतल्या खोलीच्या दिशेने जरा मोठ्याने बोलला. "फक्त जीव तोडून खेळू नकोस, एवढंच. चेंडू आला, गेला. माणूस आहे, चुकतो. कोण काय म्हणणार आहे?"

आतून बादलीतल्या पाण्याचा आवाज तेवढा आला.

"काय बाबा?" चष्मेवाल्याने विचारलं. शहरातले निम्मे लोक त्यांना बाबाच म्हणत. जन्मभर त्यांनी बस चालवली होती आणि जन्मभर मैदानाच्या स्टँडमध्ये एकाच जागी उभं राहून अल्याडचा प्रत्येक सामना बघितला होता. चाहत्यांत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

ताईला वाटलं, आता बाबा उठतील. आता या तिघांना कॉलर धरून जिन्यावरून खाली पाठवतील.

बाबा म्हणाले, "त्याला कळतं सगळं."

एवढंच. तिघांचे चेहरे उजळले. ते उठले, चपला घालताना आणखी चार गोड शब्द बोलले आणि गेले. दिवाणावर त्यांच्या बुडांचे तीन खळगे राहिले होते. ताईने चादर काढून झटकली आणि उलटी करून घातली.

"बाबा, त्याचा करार आहे हो."

"करार काय, दुसरीकडे मिळेल."

"कुणाला? आयुष्यात एकही सामना न खेळलेल्याला?"

बाबा कप विसळत होते. त्यांची पाठ तिच्याकडे होती. "तू लहान होतीस," ते म्हणाले. "पल्याडचे जिंकले होते त्या वर्षी. मी बस घेऊन पुलावर होतो. अडवली. बॉनेटवर चढून नाचले. एक जण वायपर उपटून माझ्या नाकापुढे हलवत होता, काचेच्या पलीकडून. गाडीभर प्रवासी माझ्याकडे बघत होते आणि मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. पुन्हा ते बघायचं नाही मला. मेलो तरी चालेल."

ताईला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण बापाच्या पोटात एका वायपरसाठी एवढी जागा असावी आणि पोटच्या पोरासाठी नसावी, याने तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती आत गेली.

धाकटा हातमोजे दोरीवर घालत होता, बोटं एकेक करून सरळ करत.

"ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं." तो हसला. "ताई, उद्या मी सगळे अडवणार. आले तेवढे सगळे. बाबांनी आजवर मला खेळताना बघितलंच नाहीये गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टँड खच्चून भरलं होतं. ताई बाबांच्या शेजारी उभी होती, लहानपणापासून उभी राहायची तिथेच, आणि पहिल्यांदाच तिला या जागेची लाज वाटत होती. पायांखाली शेंगांची टरफलं, थुंकीचे डाग, सांडलेल्या गोड पेयाने चपला चिकटत होत्या. हे सगळं आधीही असणार. आधी दिसलं नव्हतं, आता दिसत होतं. धाकट्याच्या गोलच्या मागे, बरोब्बर मध्ये, तिने छापलेला बॅनर टांगलेला होता. शेवटच्या रांगेतूनही स्पष्ट वाचता येत होता.

संघ मैदानात आले तेव्हा अल्याडच्या लोकांनी बंदरवाल्यांसाठी टाळ्या पिटल्या. बंदरवाले बिचारे बावचळले. आपण चुकून आपल्याच मैदानावर आलो की काय, असं त्यांना वाटलं असणार.

सामना कसला, तमाशा होता तो. अल्याडचे बचावपटू प्रतिस्पर्ध्याला वाट देत बाजूला सरकत होते, लिफ्टच्या दारात म्हाताऱ्या माणसाला वाट द्यावी तसे. अल्याडच्या पुढच्या खेळाडूला समोर रिकामा गोल मिळाला. त्याने चेंडू स्टँडमध्ये भिरकावला आणि स्टँडने त्याला डोक्यावर घेतलं. तो निर्लज्ज हात वर करून सगळ्यांना नमस्कार करत राहिला. आणि एवढं अंथरूण घालून दिल्यावरही बंदरवाल्यांना गोल होईना. चषक डोळ्यांपुढे दिसत होता ना, पाय लटपटत होते त्यांचे. मारायचे ते एकतर ढगात मारायचे, नाहीतर सरळ धाकट्याच्या अंगावर.

आणि सरळ नसलेले धाकटा अडवत होता.

पहिला त्याने उजवीकडे झेपावून बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. काय सुंदर काढला! ताईच्या तोंडून आनंदाची किंकाळी फुटली आणि तिच्याभोवतीची दहा डोकी तिच्याकडे वळली. दुसऱ्याच क्षणी सगळ्या स्टँडमधून शिव्यांची लाट उठली.

"ए शिडी! कुणाचं खातोस रे?"

"पल्याडच्यांची सोयरीक आलीय वाटतं घरी!"

"आईला—"

पुढचं ताईने ऐकलं नाही असं नाही. तिने ऐकलं, आणि बोलणाऱ्याकडे वळून बघितलं. तो रोज सकाळी त्यांच्या गल्लीत दूध टाकणारा माणूस होता. आई होती तेव्हा तिच्या हातून त्याने कितीदा चहा घेतला होता. ताईने बाबांकडे बघितलं. बाबांनीही ऐकलं होतं. ते समोर बघत राहिले.

दुसरा अडवला. तिसरा पायाने अडवला. एकदा तर तो गोलखांबावर आपटला, कपाळ फुटलं, आणि चेंडू तरीही पोटाशी धरून पडून राहिला. लोकांनी बाटल्या फेकल्या. त्याच्या स्वतःच्या लोकांनी. एक बाटली त्याच्या पाठीवर लागली तेव्हा चष्मेवाला एवढा हसला की त्याचा स्वतःचा चष्मा घसरून खाली पडला आणि शेजारच्याच्या पायाखाली गेला. तेवढाच काय तो त्या दुपारी ताईच्या जिवाला थंडावा.

बाबांचे हात ती बघत होती. पहिल्या वेळी चेंडू अडवला गेला तेव्हा ते दोन्ही हात आपोआप छातीपर्यंत वर आले होते, टाळीसाठी. मग बाबांनी ते खिशात घातले. पुढे ते खिशातच राहिले. सामना संपत आला, फळ्यावर अजून शून्य-शून्य होतं, स्टँडचा जीव टांगणीला लागला होता, आणि धाकट्याने जमिनीलगत आलेला आणखी एक चेंडू झडप घालून पकडला. तेव्हा बाबा दातांतल्या दातांत बोलले. स्वतःशीच बोलले. पण ताई खांद्याला खांदा लावून उभी होती.

"अरे, सोड ना," बाबा म्हणाले. "सोड ना मेल्या."

ताईने तोंडाला रुमाल लावला. शिव्या देणारे परके होते, त्यांचं काय मनाला लावून घ्यायचं. पण हा बाप होता. कपाळातून रक्त गाळत जो उभा होता तो याचा मुलगा होता. तिला वाटलं, इथून खाली उतरावं, मैदानात जावं आणि धाकट्याचा हात धरून त्याला या सगळ्या लोकांतून बाहेर न्यावं. कुठेही.

मग तो चेंडू आला.

त्यात काही दम नव्हता. बंदरवाल्यांच्या कुणीतरी लांबून, वैतागून मारलेला, टप्पे खात खात आलेला. धाकटा त्याच्या बरोब्बर मागे गेला, वाकला, डावा गुडघा टेकायला गेला. आणि ताईला आधीच कळलं. मारणाऱ्याच्या आधी, चेंडूच्या आधी. गल्लीत बंद शटरपुढे धाकट्याला उभा करून तिने लहानपणी हजारदा चेंडू मारले होते. त्याचा डावा गुडघा उशिरा टेकतो. नेहमी, जरासा. दमला की जास्तच.

चेंडू गुडघ्याखालून गेला आणि जाळ्यात जाऊन निवांत थांबला.

स्टँड फुटलं. ताईच्या अंगावर कोण कोण पडलं तिला कळलं नाही. पावडर, घाम, तोंडांचे वास, कुणाच्या तरी केसांचं तेल तिच्या गालाला लागलं. बाबांनी चष्मेवाल्याच्या गळ्यात गळा घातला होता आणि दोघंही रडत होते. खाली धाकटा तोंड गवतात खुपसून पडला होता. तो मुठींनी जमीन बडवत होता.

"काय नाटक करतोय बघा!" दूधवाला कौतुकाने म्हणाला. "खरा कलाकार! शेवटपर्यंत ताणलं आणि मग सोडलं. कुणाला शंका येणार नाही!"

शिट्टी झाली तसे लोक मैदानात घुसले. ज्यांनी बाटल्या फेकल्या होत्या त्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं. तो लाथा झाडत होता, "सुटला रे! सुटला! खाली ठेवा मला!" म्हणून ओरडत होता, आणि ते आणखी जोरात हसत होते. कुणीतरी त्याच्या फुटलेल्या कपाळाचा मुका घेतला.

ताई गर्दीतून वाट काढत खेळाडूंच्या खोलीकडे गेली तेव्हा बाहेरच्या बोळात धाकटा भिंतीला टेकून उभा होता आणि समोर कोच. बोळात ओल्या मोज्यांचा आणि मलमाचा वास कोंडला होता.

"सर, आईशपथ सुटला," धाकटा म्हणत होता. त्याचा आवाज बसला होता.

"असेल," कोच म्हणाला. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "बाकीच्यांचं मी बघून घेईन, त्यांनी तर लाजच सोडली होती. तुझ्याबद्दल मला चांगलं वाटत होतं. पण सुटला की सोडलास, हे मला कधीच कळणार नाही. मागे तो बॅनर, पुढे तसला गोल. ज्याच्याबद्दल मला खात्री नाही त्याला मी गोलात उभा कसा करू?"

"सर, मी सांगते," ताई मध्येच बोलली. धाप लागली होती तिला. "मी त्याची बहीण. त्याचा डावा गुडघा उशिरा टेकतो. लहानपणापासून. मी त्याला शिकवलंय, मला माहीत आहे. तो खरंच सुटला."

कोचने तिच्याकडे बघितलं, मग धाकट्याच्या गुडघ्याकडे.

"लहानपणापासून?" तो म्हणाला. "मग तर प्रश्नच मिटला."

आणि तो आत गेला.

ताई जागच्या जागी थिजली. वाचवायला म्हणून तोंड उघडलं आणि त्याचा कायमचा दोष सांगून उरलासुरला दोर आपल्याच हाताने कापला. धाकटा हसला, रडल्यासारखा. "राहू दे गं ताई," तो म्हणाला. "खरंच तर होतं."

घरी जाताना तिने त्याला मागच्या रस्त्याने नेलं. कपाळावर तिचा रुमाल बांधला होता.

"हे बघ," ती म्हणाली. "हा संघ गेला तर गेला. दुसरे आहेत. एका सामन्यात एवढे अडवलेस, ते बघणाऱ्यांनी बघितलंय. कुणीतरी बोलावेल. चूक होते, सगळ्यांची होते, चुकलेल्याला लोक घेतात. पण मुद्दाम सोडणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. तेव्हा एक लक्षात ठेव. कुणी कितीही गोड बोलू दे, सोडला हा शब्द तुझ्या तोंडून कधी यायला नको."

"कसा येईल?" धाकटा म्हणाला. "सोडलाच नाही तर."

घराखाली ही गर्दी. सायकलवाल्याने दुकानाचे दिवे लावले होते, पोरं नाचत होती. चष्मेवाला फुटकी काच घातलेल्या चष्म्यातून सगळ्यांना सांगत होता की शिडीला आणि शिडीच्या पुढच्या पिढ्यांना त्याच्या दुकानात चष्मा फुकट. धाकटा जिन्यापर्यंत जाताना प्रत्येकाला सांगत गेला, "अहो, सुटला. खरंच सुटला." आणि प्रत्येकाने त्याला डोळा मारला. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी कानात कुजबुजलं, "बरोबर आहे, असंच सांगायचं." ताई मागून चालत होती. एवढी घाण तिने जन्मात बघितली नव्हती, आणि ती सगळी हसऱ्या चेहऱ्यांची होती.

वर बाबा एकटेच होते. दोघं आत आल्यावर त्यांनी दार लावलं, कडी घातली. मग ते धाकट्यापुढे जाऊन उभे राहिले. तो त्यांच्याहून वीतभर उंच. त्यांना मान वर करावी लागली. त्यांनी दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला. बाबा कुणाला जवळ घेणाऱ्यांतले नव्हते. आई गेली तेव्हासुद्धा त्यांनी पोरांच्या डोक्यावर नुसता हात ठेवला होता.

"खाली लोकांना काय सांगायचं ते सांग," बाबा म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. "मी कुणाला बोलणार नाही. पण मला खरं सांग. मुद्दाम सोडलास ना? माझ्यासाठी?"

ताई दिवाणाशी उभी होती. धाकट्याने दुपारपासून सगळ्या जगाला जे सांगितलं तेच आता सांगायचं होतं, एक शब्द. तिला तो ऐकूही आला होता जवळजवळ.

धाकटा बाबांकडे बघत राहिला.

"हो, बाबा," तो म्हणाला. "तुमच्यासाठी."

बाबांच्या छातीतून एक हुंदका आला आणि त्यांनी त्याला मिठीत घेतलं. घट्ट, दोन्ही हातांनी, पाठीवरून हात फिरवत, "माझा वाघ, माझा सोन्या," असलं काहीबाही बोलत. त्यांच्या खांद्यावरून धाकटा ताईकडे बघत होता. त्याची नजर तिला विनवत होती, काही बोलू नकोस, एवढं मला असू दे. आणि ताई बोलली नाही. किळस आली तिला, बापाची, भावाची आणि गप्प उभ्या असलेल्या स्वतःची, पण त्या मिठीत तिला तोंड घालवेना.

"ऐकलंस?" बाबा तिच्याकडे वळून म्हणाले. चेहरा ओलाचिंब होता, आणि इतका आनंदी की ओळखू येईना. "आणि तू करार, करार करत होतीस!"

खालून कुणीतरी आरोळी दिली, "बाबा, काय म्हणतंय पोरगं?"

बाबांनी धाकट्याला सोडलं. दोन ढांगांत ते खिडकीशी गेले, दोन्ही झडपा उघडल्या आणि कमरेपर्यंत बाहेर वाकले.

"कबूल केलं!" ते गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले. "मुद्दाम सोडला म्हणतोय! माझ्या तोंडावर कबूल केलं त्यानं!"

खाली एकच जल्लोष झाला. धाकटा खोलीच्या मध्यावर होता तिथेच उभा होता, आणि त्याचे हात अजून बाबांच्या पाठीएवढ्या अंतरावर पुढे धरलेले होते.